अकरा नंबरवाल्यांचे घारगे

कुठल्याही गोष्टीचं मूळ कळल्याशिवाय ती तोंडात घालायची नाही, अंगावर घालायची नाही आणि साजरी तर मुळीच करायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो दोह्यात आमच्या कंपाउंडमध्ये, अकरा नंबरच्या व्हिलात राहायचा. कंपाउंड म्हणजे एका भिंतीच्या आतली वीस-बावीस घरं. तिथे माणसं नावापेक्षा नंबराने ओळखली जातात, म्हणून हे अकरा नंबरवाले. मूळचे नाशिकचे, पेशाने मातीचे इंजिनियर. त्यांच्याबद्दल कंपाउंडात एक समज पक्का होऊन बसला आहे, आणि तो खोटा आहे. मी सत्तरीला टेकलो. आता तो तसाच राहू देण्याचंही त्राण माझ्यात उरलेलं नाही.

वर्ल्डकपला तेव्हा पाच-सहा वर्षं होती आणि सगळं शहर खणून ठेवलं होतं. मेट्रो, स्टेडियम, पूल, जिथे बघावं तिथे खड्डा, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी काय आहे ते सांगणं हे यांचं काम. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या आपापल्या ऑफिसांतून आम्ही एकाच गाडीने परतायचो. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी जागेवर नसायचा. मी दमून डोळे मिटून घ्यायचो आणि हे म्हणायचे, "हा नुसता वळसा आहे हो. मूळ रस्ता पलीकडून आहे." मूळ रस्त्याच्या नादात आम्ही एकदा थेट एका बांधकामात शिरलो. नेपाळी वॉचमन शिट्टी फुंकत, "यल्ला, यल्ला, रिव्हर्स!" असं ओरडत धावत आला. यांनी शांतपणे काच खाली केली आणि विचारलं, "भाई, यहाँ नीचे पानी कितने पे लगा?" वॉचमनने शिट्टी तोंडातून काढली आणि खरोखर सांगितलं. पुढची दहा मिनिटं दोघं पाण्यावर बोलत होते, आणि मी एसी बंद पडलेल्या गाडीत घाम पुसत होतो. वाढदिवसाला बोलवावं, तर केकवर मेणबत्त्या कोणी आणि कुठे पहिल्यांदा लावल्या ते सांगता सांगता मेण केकवर उतरायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मागून म्हणायच्या, "अहो, पोराला फुंकू तरी द्या!"

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे हॅलोविन यायचं. दारांवर प्लास्टिकचे सांगाडे लागायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या कुठल्या घरी चॉकलेटं मिळणार त्याची यादी फिरायची, आणि पस्तीस डिग्रीत काळे झगे घातलेल्या चेटकिणी घामाघूम होऊन दारोदार हिंडायच्या. तोंडातले खोटे सुळे काढून हातात धरल्याशिवाय पोरांना थँक्यूसुद्धा म्हणता यायचं नाही. आमची मराठी मंडळी एकतर नाकं मुरडायची किंवा गुपचूप चॉकलेटं आणून ठेवायची. अकरा नंबरवाल्यांनी दोन्ही केलं नाही. ते मुळाशी गेले.

एका शुक्रवारी चहा पिताना त्यांनी मला सगळं ऐकवलं. आयर्लंडकडचा जुना सण, सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळचा. त्या रात्री गेलेली माणसं घरी येतात अशी समजूत. भोपळा नंतरचा, अमेरिकेत गेल्यावरचा. आधी सलगम कोरून त्यात निखारा ठेवायचे. पुढे चर्चने तिथेच संतांचा आणि मृतांचा दिवस आणून बसवला. मग गरीब लोक दारोदार जायचे, त्यांना गोड वड्या मिळायच्या, आणि त्या बदल्यात ते त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "आपला पितृपंधरवडा संपतो आणि महिन्याभरात त्यांचा लागतो. आणि ही पोरं नुसती चॉकलेटं गोळा करतात! ज्याच्यासाठी मागायचं तो माणूस कुठाय?"

त्या वर्षी त्यांनी बाजारातून चांगला डेऱ्याएवढा लाल भोपळा आणला. गर वहिनींनी घारग्यांना घेतला आणि साल यांनी दिव्याला. दारात खुर्ची टाकून हे बसले. आलेल्या प्रत्येक पोराला म्हणायचे, "फर्स्ट टेल मी. हू डाइड इन युवर हाउस?"

पोरं गडबडली. मग आपापल्या घरी पळाली, आणि नावं घेऊन परत आली. कोणाची लेबनॉनची आजी, कोणाचा मनिलाचा मामा, एका गोऱ्या मुलाचा कुत्रा. कुत्र्यालाही घारगा मिळाला. हे प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायचे, मग थाळी पुढे करायचे. कोणी रडलं नाही. एकही पोर घाबरलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी सात वर्षांची नात ईरा घरी आली आणि मुलाला म्हणाली, "बाबा, क्विक, आय नीड अ डेड पर्सन!" मुलाने हसत सांगितलं, "सुधाकरकाका." ती नाव घोकत गेली आणि दोन घारगे घेऊन आली.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा मी दोह्यातच होतो आणि घरी गेलो नाही. त्या काळी देशाबाहेर पडायला कंपनीचं एक्झिट परमिट लागायचं. ते मिळालं नाही, असं मी घरी कळवलं होतं. आईने मान्य केलं, सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत यांनी विचारलं, "सुधाकर कोण?"

"भाऊ. पंचवीस वर्षं झाली."

"गेला होतात?"

"एक्झिट परमिट मिळालं नाही."

"हं." समोर वळशाचा नवा बोर्ड होता, तो त्यांनी वाचला. मग त्यांच्या नेहमीच्या, काहीच मनात नसलेल्या सुरात विचारलं, "अर्ज केला होतात?"

मी डोळे मिटून घेतले. मी अर्ज केला नव्हता. त्या आठवड्यात माझ्या बढतीचं ठरायचं होतं.

त्याच संध्याकाळी कंपाउंडच्या मॅनेजमेंटला एक निनावी पत्र गेलं. अकरा नंबरचे गृहस्थ मुलांना मृत्यूबद्दल प्रश्न विचारतात, मुलं घाबरली आहेत, घरचं खाणं वाटतात. ते पत्र मी लिहिलं, आणि अकरा नंबरवाले पोरांना घाबरवतात हा समज तिथूनच पसरला. दोन दिवसांत त्यांना समज देण्यात आली आणि ते कागद घेऊन माझ्याकडेच आले. "तुमचं इंग्रजी चांगलं. जरा माफीचं लिहून द्या. आणि खरंच कुठलं पोर घाबरलं असेल, तर त्याच्या घरी जाऊन येतो." माफीचं पत्रही मीच लिहिलं. फार चांगलं उतरलं होतं.

त्यांचा संशय गेला सात नंबरवर. तिथे एक मल्याळी गृहस्थ होते. दर शुक्रवारी त्यांचा आणि यांचा कॅरमचा डाव, आणि भांडणं अशी की भिंतीपलीकडे ऐकू यावीत. हॅलोविनच्या रात्री त्या गृहस्थांनी गमतीने म्हटलं होतं, "बच्चों को भूत दिखाता है क्या?" तेवढं यांना पुरलं. डाव थांबला. पुढच्या वर्षी अकरा नंबरच्या दाराबाहेर स्टुलावर कागदात गुंडाळलेली चॉकलेटं होती आणि दार बंद. वहिनी मला म्हणाल्या, "हल्ली हे कशाचं मूळ सांगत नाहीत. जेवण कसं गपचूप होतं." इमारती वर यायला लागल्या की मातीच्या माणसांचं काम संपतं. सामने सुरू व्हायच्या वर्षभर आधी ते नाशिकला परतले. सात नंबरवाले निरोपाला बाहेर आले नाहीत, यांनीही त्यांचं दार वाजवलं नाही.

मीही आता पुण्याला परतलो आहे. गेल्या महिन्यात तिथून त्यांना फोन केला. म्हटलं, ती तक्रार माझी होती. पलीकडे त्यांनी वहिनींना कुकर बंद करायला सांगितलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही अर्जाचं विचारलंत म्हणून. केला नव्हता मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चार वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही हो. समोरासमोर दारं आमची." आणि मग, "नंबर आहे का त्यांचा?"

मी नंबर दिला. त्यांनी तो दोनदा म्हणून खात्री करून घेतली आणि फोन ठेवला.

आठवड्याभराने त्रिशूरहून सात नंबरवाल्यांचा फोन आला. "आपका दोस्त पागल है. दो घंटा बोला! कॅरम कहाँ से आया, पूरा हिस्टरी. मेरा खाना ठंडा हो गया." ते इतके खूश होते, की ती तक्रार कोणी केली होती, हे त्यांनी विचारलंही नाही. आता ते दोघं दर शुक्रवारी बोलतात असं कळतं.

मला नाशिकहून फोन आलेला नाही. यावा, अशी अपेक्षा करायला मला तोंड नाही. तरी शुक्रवारी चहाच्या वेळी मी फोन चार्जिंगला लावत नाही, जवळच ठेवतो.