पप्पा जॅझ ऐकायला आले

पोटासाठी मी ड्रमवर काय काय वाजवलंय ते विचारू नका. एप्रिलमध्ये भीमगीतं, लग्नसराईत कल्याणकडच्या गावांतल्या हळदी, नवरात्रात डोंबिवलीचा गरबा. हळदीत हात जरा थांबला की नवरदेवाच्या मावश्या अंगावर येतात, त्यामुळे न थकता वाजवायला मी तिथेच शिकलो. पण जीव अडकलाय जॅझमध्ये, आणि जॅझवाल्याला बोलावणारे ठाण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पप्पा तरुणपणी वस्तीतल्या गायन पार्टीत होते, कोरसमध्ये टाळी धरायचे. म्हणून तर वैताग. माझे कार्यक्रम पुढच्या रांगेत बसून ऐकणार आणि घरी येऊन चुका सांगणार. भीमगीतांत म्हणे मी शब्द दाबतो, हळदीत लय पळवतो. गरब्याला तर कानात कापूस घालून आले, तरी चूक काढलीच. चाळिशी आली, पण "छान वाजवलंस" एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. आणि मला ते ऐकायचं होतं, अगदी लाज वाटण्याइतकं.

नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी आमचा जॅझचा कार्यक्रम ठरला. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि मी, असे चौघंच. पप्पा वर्तकनगरहून कडक इस्त्रीचा सफारी घालून आले आणि थेट स्टेजपाशी उभे राहिले.

"गाणारा कुठंय?"

"यात गाणारा नसतो, पप्पा."

"मग लोकांना कळणार कसं, गाणं कुठलं चाललंय ते?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो.

शेवटच्या गाण्यात माझा सोलो होता, म्हणजे मी एकट्याने वाजवायचं. अशा वेळी बाकीचे तिघं गुपचूप विंगेत जातात आणि ड्रमवाल्याने खूण केली की परत येतात, ही आमची रीत. मी सुरू केलं, तिघं निघाले. पप्पांचा चेहरा पडलेला मला झांजांच्या फटीतून दिसला. मग त्यांची खुर्चीच रिकामी दिसली.

पुढचं विंगेतून हॉलभर ऐकू आलं. "अरे, पोरगं तिकडं एकटं वाजवतंय आणि तुम्ही पाणी काय पिताय? भांडण असेल तर नंतर करा ना! स्टेजवर सोबत बसलो की सोबतच उठायचं असतं!"

सॅक्सोफोनवाला इंग्रजीत समजावायला गेला, तसा पप्पांचा पारा आणखी चढला. हसू दाबताना माझा डावा हात सपशेल चुकला. लोकांना तो प्रयोग वाटला, त्यांनी टाळ्या दिल्या.

तिघं काही हलेनात. शेवटी पप्पा एकटेच स्टेजवर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत टाळी धरली. ती माझ्या लयीत बसेना, तेव्हा मीच लय सोडून त्यांच्या टाळीवर आलो. खूण करायची आठवण होती, पण मला थांबायचंच नव्हतं. विंगेतले तिघं ताटकळत उभे होते.

परतताना रिक्षात आमची रीत त्यांना समजावून सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"छान वाजवलंस. पण ती माणसं बदल."