रुसके जवाईबापू आणि हायवेवरचा लंगर

आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका केळापूरच्या जगदंबेला ठेवतात. पूजाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन निघायचं ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून आणखी एक काम माझ्या गळ्यात घातलं. जवाईबापूंना जेवणावळीचं सांगायचं.

जवाईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे, ताईंचे यजमान, मारेगावचे. माणूस वाईट नाही, फक्त रुसतो. पंगतीत पाट मिळाला नाही, वाढणारा आधी दुसऱ्याकडे गेला, आग्रह कमी पडला, एवढं पुरतं. माझ्या दिराच्या लग्नात ते भरल्या ताटावरून उठले आणि पुढची दोन वर्षं ताईंना माहेर दिसलं नाही. यंदाचं वर्ष तर बोंडअळीचं. कापूस बोंडातच सडलेला, त्यामुळे बेत ठरला होता साधा: वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. सगळ्यांना सारखीच पंगत, सतरंजीवर, मानाचे पाट कोणालाच नाहीत. हे ऐकून ते रुसले तर लग्नात ताई नसणार, आणि पूजा तर ताईंच्या मांडीवर वाढलेली. तिने मला बजावलं होतं, "आई, आत्या नसंन तं मले ते लग्नच नको."

रविवारी सकाळी यवतमाळहून आमच्या जुन्या गाडीतून चौघं निघालो. मी, माझे यजमान आणि आमच्याकडे आलेले ताई आणि जवाईबापू. गाडी नसेल तर पांढरकवड्याची एसटी पकडा, तिथून केळापूरला ऑटो मिळतो. गाडी असेल तर जोडमोह्याला गरम आलुबोंडा खाऊन घ्या, कारण पुढचे खड्डे सगळं जिरवतात. आम्ही थांबलो, पण हॉटेलवाल्याने पहिला चहा माझ्या यजमानांपुढे ठेवला. झालं. "मले भूक नाही," जवाईबापू म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. आलुबोंडा घेऊन मी दोनदा गाडीपर्यंत गेले. दोनदा नको म्हणाले. शेवटी तो मीच खाल्ला, रागाने.

केळापूरला गर्दी नव्हती. पत्रिका ठेवून मी देवीला म्हटलं, आई, तूच सांग बाई यांना, माझी जीभ रेटत नाही.

तिथून ताई आणि जवाईबापूंना मारेगावला सोडायचं होतं. हायवेला लागलो आणि टायर बसला. नशिबाने समोरच रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान आणि शेजारी एक लहानसा गुरुद्वारा, पुढे ट्रकांची रांग. रफिकभाई टायर बघत म्हणाले, "टाइम लागन. तवरिक लंगरमधी जेवून घ्या. डोकं झाका, जोडे बाहेर काढा. आन दादा, तो खर्रा इथं ठेवा. अंदर तंबाखू चालत नाही." जवाईबापूंनी खर्ऱ्याची पुडी अशी दिली की जणू लेक सासरी पाठवत होते.

दाराशी रुमालांची टोपली होती. एका सरदारजींनी केशरी रुमाल जवाईबापूंच्या डोक्याला बांधून दिला. मानाचा फेटा समजून त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला. मग शेजारचा ट्रकचा क्लीनर तसाच रुमाल बांधताना दिसला.

आत लांब पट्ट्या अंथरलेल्या. जवाईबापू उभ्यानेच पाट शोधत होते. एका ड्रायव्हरने सरकून पट्टीवर थाप मारली, "बैठो जी." एका बाजूला तो ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला तांड्यावरची एक बंजारा म्हातारी, मध्ये आमचे जवाईबापू. आम्ही तिघं समोरच्या रांगेत. ज्याला जिथे जागा तिथे तो, आणि वाढपी रांगेने येणार, अशी तिथली रीत.

डाळ आली. जवाईबापूंनी ताटावर आडवा हात धरला, "नको, नको." आमच्याकडे याचा अर्थ असतो, अजून दोनदा विचारा. वाढपी हात जोडून पुढे गेला. भाजी आली. "राहू द्या." भाजी पुढे गेली. खिरीला नुसती मान हलवली, खीर त्या म्हातारीच्या ताटात पडली. जवाईबापूंच्या ताटात लोणच्याची एक फोड तेवढी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं "माझी शपथ आहे, घ्याच" म्हणणारी मी डाळीत रोटी बुडवत बसले. खरं सांगते, मला मजा येत होती. मग त्यांनी उजवा गुडघा उचलला. उठायची खूण. ताईंचा घास हातातच राहिला आणि माझी मजा पळाली.

तेवढ्यात रोटीची टोपली घेऊन पांढऱ्या दाढीचे सरदारजी आले. जन्म पांढरकवड्यातला, बोली आमचीच. "काका, ताट रिकामं काहून?"

"कोनी आग्रहच करून नाही राह्यलं."

"इथं आग्रह नसते, काका. तुमी नको म्हनलं, आमी ते खरं मानलं. भूक असन तं दोनी हात पुढं करा. कितीबी घ्या, पन टाकू नका."

"मी रुसलो आहो," जवाईबापू म्हणाले. इतकं सरळ त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नसेल.

"रुसा ना. पन जेवून रुसा. उपाशीपोटी रुसनं लय वेळ टिकत नाही."

शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. ताईही हसल्या. मला वाटलं, आता संपलं. पण जवाईबापूंचा गुडघा खाली आला आणि दोन्ही तळहात पुढे झाले. सरदारजींनी रोटी ठेवली. मग डाळ परत आली, खीरही. एरवी मोठेपणा म्हणून ताटात दोन घास सोडणारा हा माणूस बोटाने खिरीची कड पुसत होता.

जेवण झाल्यावर त्यांनी आपणहून टोपली मागितली आणि रोट्या वाढायला लागले. तिथेही सवय जाईना. "घ्या ना, एकच, माझी शपथ," असं पोट भरलेल्या ड्रायव्हरला चाललं होतं. सरदारजींनी लांबूनच आवाज दिला, "काका, पुढं चला." काका पुढे गेले.

खर्च काही नाही. दानपेटी आहे, पण तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. बाहेर आलो तर टायर तयार होता आणि खर्ऱ्याची पुडी निम्मी झाली होती. रफिकभाईंनी वर पाहिलंच नाही.

मी गाडीतच सगळं सांगून टाकलं. कापूस, बुंदी, सतरंजी, पाट नाही. मारेगावपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. ताईंनी माझा हात घट्ट धरला होता. घरापाशी उतरून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला.

"सतरंजीवर तं सतरंजीवर. पन पोळ्या कोन वाढन?"

आता लग्न होऊन महिना झाला. पोळ्या त्यांनीच वाढल्या, डोक्याला तसाच केशरी रुमाल बांधून. शेवटच्या पंगतीला पूजाच्या एका बाजूला ताई बसल्या, दुसऱ्या बाजूला ते. मी बुंदी घेऊन गेले.

"जवाईबापू, बुंदी?"

"नको."

मी पुढे गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. पाठीमागे ताई आणि पूजा हसायला लागल्या.

"अवो वयनी," मागून आवाज आला. वळून पाहिलं तर दोन्ही तळहात पुढे केलेले. "थे सवयीनं निंघालं तोंडातून. वाढा."