खालून पाहणारे साहेब

"खालून पाहिलं का जी?"

कुठेही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न हाच. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर ते बसलेच नाहीत. सत्तरीच्या घरातला माणूस गुडघे टेकून खाली वाकला, खुर्चीखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "एक नट नाही." मग भिंतीजवळच्या लाकडी बाकावर जाऊन बसले. मला हसू आलं. त्या खुर्चीवर मी चार वर्षं पाहुण्यांना बसवत होतो. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर वाकून पाहिलं, तर नट खरंच नव्हता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सगळं गाव त्याला चांगला म्हणतं आणि तो लांबून येताना दिसला की वाट बदलतं. आमचे साहेब तसे. गोंदियाजवळच्या कामठ्याकडच्या एका गावातल्या धानाच्या शेतीवाल्या घरातून ते नागपूरला इंजिनिअरिंग शिकायला गेले, तिथून फौजेत. सगळी नोकरी डोंगरात आणि वाळवंटात पूल टाकण्यात आणि काढण्यात गेली. लेफ्टनंट कर्नल होऊन परतले आणि धाकट्या भावासोबत शेती पाहू लागले. मी त्या भागाचा शाखा अभियंता. रस्ते, मोऱ्या, लहान पूल माझ्याकडे, त्यामुळे साहेबही माझ्याच वाट्याला आले.

गावातल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरा-नवरी हार घालून उभे, फोटोवाला तयार, आणि साहेब स्टेजखाली. बाहेर आले ते केसांत जाळी घेऊनच. "चार माणसं," त्यांनी जाहीर केलं. "नवरी-नवरदेव धरून." मग पायरीजवळ उभे राहून आहेर द्यायला येणाऱ्यांना दोन-दोन करून सोडू लागले. नवरीचा मामा तणतणला, "हे लगन हाय का बॉर्डर?" साहेबांनी त्यालाही थांबवलं, कारण तो तिसरा होता.

आम्ही हसायचो. पण त्यांच्या बायकोला, वहिनींना, मी कधी हसताना पाहिलं नाही. "यायले झोप नाही लागत, भाऊ," त्या एकदा हळूच म्हणाल्या होत्या.

गावाच्या अलीकडे नाल्यावर एक जुना पूल आहे. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी नेहमीप्रमाणे त्याची तपासणी केली. नेहमीप्रमाणे म्हणजे मोटरसायकलवरून पूल ओलांडला, कठडे पाहिले, ऑफिसात येऊन 'वाहतुकीस योग्य' लिहिलं आणि सही केली. सगळेच असं करतात, असं म्हणणार होतो. पण सही माझी होती.

साहेब दर सोमवारी येऊ लागले. प्रश्न तोच. तिसऱ्या सोमवारी माझं डोकं फिरलं.

"पूल चांगला आहे साहेब. मी सही केली आहे."

"मंग चला," ते शांतपणे म्हणाले.

पुलावर पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. त्यांनी हातातला बांबू माझ्याकडे दिला. "आमच्या फौजेत एक रीत आहे. ज्यानं पूल पास केला, तो पहिली गाडी जाताना पुलाखाली उभा राहतो. पाचची बस येऊन राहिली. तुम्ही खाली उतरा, मी वर थांबतो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडून परत आलो असतो. मी पँट गुडघ्यापर्यंत सारली आणि ताठ मानेने उतरलो. पाणी गार होतं. मधल्या खांबाशी गेलो आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून खांबाच्या पायाखाली बांबू घातला. तो आत गेला. अजून ढकलला, अजून गेला. माझा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला तरी बांबू कशाला टेकेना. पुराने पायाखालची माती खाऊन टाकली होती आणि खांब कशाच्या आधारावर उभा होता ते मला कळेना.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. पाचच्या बसमध्ये शाळेतून परतणाऱ्या पोरी असतात, हे मला माहीत होतं. मी एक बूट चिखलात सोडून दरडीवरून वर धावलो.

साहेब आधीच रस्त्याच्या मधोमध हात पसरून बससमोर उभे होते. बस जाऊ द्यायचा त्यांचा विचार कधीच नव्हता. पोरी खाली उतरल्या आणि एकेक करून पायी पूल ओलांडून घरी गेल्या. साहेब मोजत होते.

मग आम्ही दोघं शेताच्या धुऱ्यावर बसलो. साहेब स्वतःहून बोलले. "एकदा मी खाली उतरलो नव्हतो. पाऊस होता, थकलो होतो. वायरलेसवर विचारलं, तयार? तिकडून आलं, जी साब. मी म्हटलं, भेजो. तिसरा ट्रक पुलासकट पाण्यात गेला." मग म्हणाले, "ट्रक दोन दिवसांनी काढला. ड्रायव्हर नाही सापडला."

दुसऱ्या दिवशी मी माझा आधीचा अहवाल चुकीचा असल्याचं लिहून दिलं. पूल बंद झाला, दोन्ही तोंडांना मातीचे ढीग पडले आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. गावाला मात्र ऐन धानकापणीत अकरा किलोमीटरचा फेरा पडला. लोकांनी मला काही म्हटलं नाही, मी सरकारी माणूस. सगळा राग साहेबांवर निघाला. सख्खा भाऊ चारचौघांत म्हणाला, "दादा, आमाले सजा द्यायलेच आले का तुमी फौजेतून?"

आणि पूल पडेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पूल आपला उभा. पोरंटोरं विचारायची, "पडला का जी तुमचा पूल?" साहेब रोज सकाळी जाऊन पाहून यायचे. वाळले होते. मला फोन करायचे, "मी चुकलो तर नाही ना जी?"

"आपण दोघांनी पाहिलं ना साहेब."

"हां. पाहिलं खरं." आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन.

फाल्गुनातल्या एका दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका फेऱ्याने आली, तोवर बराच वेळ गेला होता. जाताना भावाने गाडी पुलाकडे वळवायला लावली. ज्यांनी इतके महिने शिव्या घातल्या तीच माणसं फावडी घेऊन धावली आणि बघता बघता ढिगांतून गाडीपुरती वाट काढली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी हलकी आहे, निघून जाईल. साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात थोडा उचलला आणि बोट गोल फिरवलं.

"फिरून घ्या," वहिनी म्हणाल्या.

भाऊ रडकुंडीला आला. "वहिनी, टाइम नाही."

"फिरून घ्या म्हटलं ना."

गोंदिया दोन किलोमीटर राहिलं असताना साहेब गेले.

हे सगळं मला तेरवीच्या दिवशी त्यांच्या भावाने सांगितलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, मीही त्याच्याकडे पाहत नव्हतो. निघताना वहिनींना भेटायला आत गेलो. त्यांनी बाकीच्या बायकांना बाहेर पाठवलं.

"भाऊ, तुमी इंजिनिअर आहा. खरं सांगा. आमची गाडी त्या पुलावरून गेली असती, तर पूल पडला असता का?"

भरलेल्या बसचं वजन मला माहीत आहे, रुग्णवाहिकेचंही. खरं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि मनात जे येत होतं ते त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "पडला असता."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मी नजर हलू दिली नाही.

"मंग बरं केलं मी," त्या म्हणाल्या, आणि मला जेवून जायला बसवलं.