दादाच्या हातातल्या झांजा

दादाला दवाखान्यातून आणलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो. त्याची दारू सुटली होती, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्याला परत घेतलं होतं, आणि चामराजपेटच्या आमच्या दोन खोल्यांत त्याचं अंथरूण पडलं होतं. पण दारू गेली आणि भीती उघडी पडली. कारखान्यात दिवसभर लेथची घरघर सोसणारा माझा भाऊ स्वयंपाकघरात भांडं पडलं की घामाघूम होऊन घराबाहेर जायचा. गल्लीच्या तोंडाशीच बार आहे. तो परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

ही भीती कुठली, ते मला ठाऊक होतं. निपाणीच्या घरी वडील चिडले की हाताला येईल ते भांडं फरशीवर आपटायचे, आणि मग मार. आवाज झाला की दादा मला पाठीमागे ओढायचा. सगळं शांत झालं की विचारायचा, "तुला लागलं नाही ना?" तोच आवाज मीही ऐकत मोठी झाले, पण माझ्यापुढे दादा उभा होता आणि त्याच्यापुढे कोणी नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं होतं, की लहानपणी अंगात मुरलेली भीती दारूने जात नाही. उलट ती विसरायचं जे काम मेंदूला करायचं असतं, त्यातच दारू खोडा घालते. "आता आवाज आला तरी मार येत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू दे. स्वल्प वेळ लागेल अक्का, घाई नको," ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले होते.

माझा भरवसा दत्तगुरूंवर. दर गुरुवारी मी दादाला देवळात न्यायचे. तिथे आरतीला विजेवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र आहे. ते सुरू झालं की दादा बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहायचा. तरी पुढच्या गुरुवारी यायचा मात्र. त्याच्या या चिकाटीला मी मनातल्या मनात हात जोडायचे.

एका गुरुवारी मात्र कारखान्यात कुणाच्या हातून लोखंडी पाइप पडला होता, आणि दादा आला तोच पांढराफटक. देवळाच्या पायरीवर म्हणाला, "आज माझ्याच्यानं होत नाही. तू जा आत." त्याची नजर रस्त्यापलीकडच्या बारवर होती. त्याला धरून ठेवायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी गाभाऱ्याकडे पाहून म्हटलं, "महाराज, मी दमले. आता तुमचं तुम्ही बघा."

आरती सुरू होता होता वीज गेली. यंत्र गप्प झालं. आतून एक वयस्क बाई आल्या, कधी न पाहिलेल्या, आणि त्यांनी सरळ दादाच्या हातात झांजा दिल्या.

"अण्णा, करंट गेलं बघा. आत वाजवायला कोण नाही. स्वल्प हळू वाजवा, पण या."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईंना कानडीत "सरी अक्का," बरं ताई, म्हणत आत गेला, आणि मी त्याच्या मागोमाग. पहिला ठोका इतका हलका होता की मलाच ऐकू आला असेल. पण आवाज त्याच्या हातातला होता. वाढवावा तर वाढत होता, थांबवावा तर थांबत होता. मधेच त्याने मान वळवून मी मागे आहे ना ते पाहिलं. आरती संपेपर्यंत तो वाजवत राहिला. मी रडत होते, आणि आनंदाने रडत होते.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. मी शोधलंही नाही; मला समजायचं ते मी समजले. झांजा आता दर गुरुवारी दादाकडे असतात. भीती गेलेली नाही, डॉक्टरांकडे जाणं चालूच आहे. माझं ओझं मात्र मी त्या पायरीवर ठेवलं ते पुन्हा उचललं नाही.

परवा माझ्या हातून पितळी परात निसटली. सगळं घर दणाणलं. मी सवयीने दाराकडे पाहिलं. दादा बाहेर गेला नव्हता. पांढऱ्या चेहऱ्याने तो स्वयंपाकघरात आला, खाली वाकून परात उचलली आणि म्हणाला, "तुला लागलं नाही ना?"