दगडाचे थर

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवल्या. चांगली कवळी म्हणजे जी ओळखूच येत नाही, असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या कामाचं कौतुक कधी कुणी केलं नाही आणि चूकही कुणी काढली नाही.

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलू लागला, पण बोलणं काही परतेना. अर्धामुर्धा शब्द ओठांवर आला, की शरमेने ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. चार महिने असेच गेले.

"आई दिवसभर भिंतीकडे बघत बसते," म्हणत मुलीने माशांची काचेची टाकी आणून तिच्या खुर्चीसमोर ठेवली. पण टाकीतून पलीकडच्या वायरी आणि पोपडे आलेली भिंतच दिसायची. मासेही बिचारे एका कोपऱ्यात अंग चोरून राहायचे.

काकांनी ठरवलं, टाकीत मागच्या काचेला खडकासारखी भिंत करायची.

"बाबा, चित्राचा कागद मिळतो. चिकटवला की झालं," मुलगी म्हणाली.

"कागद तो कागदच."

फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल निघाला, कवळीच्या मेणावर चालवायच्या जुन्या सुऱ्या निघाल्या. बायकोसमोरच बसून काका कपारी कोरू लागले. घरभर पांढरे दाणे उडाले; आमटीतसुद्धा सापडले.

तिसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा थोपटला.

"चू... चूक."

काकांच्या हातातली सुरी थांबली. आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. "काय चूक?"

तिने हवेत बोटाने एकाच बाजूला कललेल्या तिरक्या रेघा ओढल्या, एकीखाली एक. "थर. सगळे... तिरके."

काकांनी मनाला येईल तशा भेगा पाडल्या होत्या, एक इकडे तर एक तिकडे. "दगड कुठे नियम पाळतो?"

"पाळतो," ती म्हणाली, आणि अर्ध्याच ओठाने हसली.

काकांनी थर्माकोलचा तो तुकडा बाजूला टाकला आणि नवा घेतला. आता रोज वर्ग भरू लागला. ती बोट दाखवी, ते कोरत. पण सुरी नीट चालू लागली तशी ती गप्प होऊ लागली. मग काकांनी एक भेग भलतीकडेच वळवली.

"चूक."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"मुद्दाम!"

काका चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले. त्यानंतर त्यांनी तो खेळ केला नाही. काही सुचलं नाही तर सरळ विचारायचे, "अगं, ही कपार कुठे जाईल?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

कोरीव काम झाल्यावर सिमेंटचे तीन पातळ हात दिले. सिमेंटचा खार पाण्यात उतरला तर मासे मरतात, म्हणून तुकडे दोन आठवडे टबात बुडवले आणि पाणी रोज बदललं. मग टाकी रिकामी करून, पुसून, भिंत सिलिकॉनने काचेला पक्की चिकटवली; नाहीतर थर्माकोल तरंगून वर आला असता. सिलिकॉन सुकेपर्यंत मासे बादलीत होते. सकाळी परत सोडले, तर दुपारपर्यंत ते कपारींतून आत-बाहेर करू लागले.

रविवारी मुलगी आली. टाकीपुढे वाकून म्हणाली, "रेघा सगळ्या तिरक्या का गं, आई?"

"थर आधी... आडवे असतात," आई म्हणाली. पुढचा शब्द ओठांवरच अडला. मुलीने शब्द सुचवायला तोंड उघडलं, तशी काकांनी मान हलवून तिला थांबवलं. "मग जमीन... ढकलते. खालून."

सगळं सांगायला तिला दहा मिनिटं लागली. तोवर तिघांचाही चहा गार झाला.