काकूचं राहिलेलं दर्शन

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून सांगतो — तिच्यापासून मी आजवर फक्त दोन गोष्टी लपवायला गेलो. एक माझी शुगर, ती तिला आठवड्याच्या आत कळली. आणि दुसरी ही. ही अजून टिकून आहे.

कुठून सुरू करू? पोंगलपासून करतो. सगळं त्या पोंगलमुळे झालं — नाही, बघा, सुरुवातीलाच खोटं. पोंगलने काय केलंय बिचाऱ्याने? माझ्यामुळे झालं.

पण आधी काकू. मालूकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका पंचवटीतले उपाध्ये, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. मला त्यातलं काही जमलं नाही, मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो. काकांचे यजमान बरेचसे दक्षिणेकडचे, आणि यजमान आले की उतरायचे घरीच. म्हणजे काका घाटावर मंत्र म्हणणार आणि काकू घरी पंचवीस पानांचा स्वयंपाक करणार. त्यांच्या भाषेतले तिला तीनच शब्द यायचे — पाणी, भात आणि गरम. तेवढ्यावर तिने अख्खा संसार केला.

त्यातली काही मंडळी कावेरीकाठच्या एका लहानशा गावातून यायची. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तिकडे जाल, आणि तिथले गुरुजी तुम्हाला चांगले धडधाकट भेटतील. मग माझी पंचाईत. तर त्या गावच्या बायका काकूला खुणांनी सांगायच्या, आमचा देव झोपलेला आहे. शेषावर आडवा, निवांत. काकूला त्याचं भारी अप्रूप. म्हणायची, "आपल्याकडचे सगळे देव उभे. काळाराम उभा, सुंदरनारायण उभा, आणि ओट्यापुढे मी उभी. एक तरी मेला आडवा झालेला देव बघायचाय मला."

काका गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या गावची माणसं नाशकात आली होती — विधीसाठी, त्यांना काय ठाऊक. कळल्यावर त्यातली एक म्हातारी काकूजवळ येऊन बसली, तिचा हात हातात घेऊन दुपारभर आपल्या भाषेत काहीबाही बोलत राहिली. काकू ते अजून विसरलेली नाही. हे लक्षात ठेवा. मला त्या दिवशी ते लक्षात राहायला हवं होतं.

मग काही वर्षांपूर्वी मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं, चल काकू, तुला तुझा झोपलेला देव दाखवतो. बायकोच्या शाळेत परीक्षा, म्हणून आम्ही दोघंच. मनमाडला गाडी पकडली, पुढे एक गाडी बदलली, आणि तिथल्या मोठ्या स्टेशनावर टॅक्सी केली. संध्याकाळी त्याच स्टेशनावरून परतीची गाडी. म्हणजे देवासाठी आमच्याकडे एकच सकाळ होती. टॅक्सीवाल्याने मोडक्या हिंदीत बजावलं होतं — साहब, बारा बजे मंदिर बंद, फिर सीधा साडेचार. मी मान डोलावली. आता मी नाशिककर. आमच्याकडे देव दुपारी झोपतो हे कुणी सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. आणि हा देव तर जन्माचा झोपलेलाच! त्याला वेगळी दुपारची झोप कशाला?

काकू उपाशी होती. दर्शनाशिवाय ती काही घेणार नव्हती. मी म्हटलं, मी जरा पोटाला आधार करतो. केळीच्या पानावर तूप निथळणारा पोंगल आला, म्हणजे त्यांच्याकडची मूगडाळीची खिचडी. मग मेदूवडा. मग कळलं की गल्लीच्या टोकाला याहून चांगली कॉफी मिळते, आणि कॉफीबरोबर काहीतरी हवंच ना? काकू टॅक्सीत पदराने वारा घेत बसलेली. दोनदा तिने टॅक्सीवाल्याकडून निरोप धाडला. दोन्ही वेळा मी हाताने 'आलोच' केलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! थांबा हो. हा मासला आहे, कबुली अजून लांब आहे.

देवळापाशी पोचलो तर महाद्वार बंद. भलं थोरलं, पितळी फुल्यांचं दार, आणि त्याला आतून अडसर. वर गोपूर, खाली कावेरीचे घाट, सगळं एकदम शांत. काकू म्हणाली, "बंद का रे, पद्या?"

काय कठीण होतं? 'मी खात बसलो, काकू, चुकलो' — एवढंच म्हणायचं होतं. ती फाडफाड बोलली असती. बोलू द्यायचं. पण टॅक्सीवाला माझ्याकडे असा बघत होता की आता काय सांगतोस बघू. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथले मुख्य पुजारी वारले गं आज सकाळी."

कुठून सुचलं, देव जाणे. वाटलं, बंद दाराला याहून भक्कम कारण नाही. काकू हळहळेल, हात जोडेल, विषय मिटेल.

विषय मिटेल! उपाध्यायाच्या बायकोला मी सांगितलं की तीर्थावरचा पुजारी गेला — आणि विषय मिटेल?

"अरेरे," काकू म्हणाली, आणि पदर खोचून चालायलाच लागली. "चल. दारावर जाऊन येऊ." मी म्हटलं, अगं, घर माहीत नाही, भाषा येत नाही. ती म्हणाली, "माझ्या दारात आले तेव्हा त्यांना येत होती भाषा?"

दाराशी एक फुलवाली बसली होती. काकूने तिला देऊळ दाखवलं, खांद्यावरून बोट फिरवून जानवं दाखवलं, मग डोळे मिटून मान कलती केली. आता फुलवालीला वाटलं, बाई विचारतेय, पुजारी झोपलेत का? तिने जोरजोरात होकार दिला आणि शेजारचं घर दाखवलं. काकूचे डोळे भरून आले. मला मात्र घाम फुटला.

त्या घराच्या बाहेरच्या ओट्यावर पुजारी बसले होते. जेवण झालेलं, पोटावरून हात फिरवत, तोंडात विडा. आम्हाला बघून त्यांनी एक मोकळा ढेकर दिला. काकूने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, गेलेल्यांचे धाकटे भाऊ. ढेकर? दुःखाने पित्त झालंय. आतून त्यांची बायको आली — कपाळाला ठसठशीत कुंकू, केसांत गजरा. काकू माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ही धाकट्यांची. थोरल्या वहिनी आत आहेत, कुणाला भेटत नाहीत. बघा कसं असतं — एक माणूस मारला की त्याच्यामागे एक विधवाही घडवावी लागते.

काकूने त्या बाईचा हात हातात घेतला आणि रडायला लागली. खरं रडली हो. काकांसाठीही त्यात थोडं रडली असेल. ती बाई घाबरली. पुजाऱ्यांनी मला इंग्रजीत विचारलं, काय झालं? आणि मी — मी सांगितलं, हिचे यजमान वारले, तेही गोदावरीवर तुमच्यासारखेच पुजारी होते. कधी वारले ते सांगितलं नाही. मग तीही बाई रडायला लागली. काकू तिचं सांत्वन करतेय, ती काकूचं करतेय, दोघी एकमेकींचे डोळे पुसताहेत, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडचा दुभाष्या! कॉफी आली. काकू म्हणाली, सुतकाच्या घरी चूल कशी पेटली? मी म्हटलं, शेजाऱ्यांनी पाठवली. ती प्यायली नाही. तिच्या वाटची मी प्यायलो.

हसताय ना? हसा. मीही हसलोय कैक वेळा, एकटा असताना. इथपर्यंतच असतं तर मी हे केव्हाच चारचौघांत सांगून टाळ्या घेतल्या असत्या.

पुजारी आत गेले आणि उपरणं घेऊन बाहेर आले. हातात लांबलचक लोखंडी किल्ली. मला म्हणाले, गाभारा मी आता उघडू शकत नाही, देवाची विश्रांती आहे. पण आतलं दार जाळीचं आहे. आमच्या परसातून देवळात वाट आहे. मी दिवा धरतो, आजींना जाळीतून बघू दे. इतक्या लांबून आल्यात, असं दुःख घेऊन आल्यात, त्यांना असं कसं पाठवू?

झालं. आता बोला. परस ओलांडलं की काकूचा देव. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — ऊठ काकू, मी थापा मारल्या, हे जिवंत आहेत, देऊळही उघडतंय. तिने माझ्या तोंडात मारली असती त्या लोकांसमोर. मारली असती आणि मग आत गेली असती. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. नाही दिसलं असं मी म्हणणार नाही.

मी पुजाऱ्यांना म्हटलं, आजींना बरं वाटत नाहीये, आमची गाडीही चुकेल. काकूला म्हटलं, चल, यांना स्मशानात जायचंय. ती उठली. जाता जाता तिचं लक्ष गेलं. "किल्ली कसली रे ती?"

"घराची," मी म्हटलं.

ती त्या धडधाकट माणसापुढे हात जोडून म्हणाली, "धीर धरा हो, भावजी." आणि टॅक्सीत जाऊन बसली.

तिची पिशवी ओट्यावरच राहिली होती. मी आणायला परत गेलो. पुजारी अजून तिथेच, किल्ली हातात. मला म्हणाले, त्या नाही तर नाही, तुम्ही तरी या. आता इथे मी सांगू शकतो की नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पण तसं नव्हतं. मला बघायचा होता. पोट भरलेलं होतं, एवढ्या लांब आलो होतो, आणि मला तो बघायचा होता.

त्यांनी जाळीपाशी दिवा उंच धरला. काळ्या दगडाचा प्रचंड देव, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा, तेलाने चकाकणारा. एक हात अंगालगत सैल सोडलेला. मी आधी पाय बघितले, मग दिवा सरकत सरकत तोंडापाशी गेला. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. मी हात जोडले. त्यांनी तुळशीचं पान दिलं, ते मी परसातच चावून गिळलं, आणि कपाळाला लागलेलं गंध रुमालाने पुसून टॅक्सीत बसलो. काकूने विचारलं, "इतका वेळ?" म्हटलं, पिशवी सापडत नव्हती. ती बंद दाराकडे बघून हात जोडत होती, गाडी वळेपर्यंत.

ती आहे अजून. माझ्या मागच्या गल्लीतच राहते. गुडघे गेलेत, आता जिनाही उतरवत नाही, प्रवास कुठला? पितृपक्षात त्या पुजाऱ्यांच्या नावाने पान वाढते, आणि ते मीच कावळ्याला ठेवतो. कावळा शिवतोसुद्धा. घरात कुणी आलं की सांगते, आमच्या पद्याला सगळं कळतं, देव राहिला तरी चालेल पण माणसाच्या दारावर आधी गेलं पाहिजे, हे याने जाणलं. लग्नाकार्यात लोक मला त्यावरून ओळखतात. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, विनय.

परवा संध्याकाळी तिच्याकडे गेलो होतो. मी चहा केला. ती खिडकीशी बसलेली. मधेच म्हणाली, "पद्या, तो देव झोपलेला म्हणतात, पण त्याचे डोळे पुरते मिटलेले असतील, की अर्धे उघडे?"

अर्धे उघडे आहेत. आणि तो आपल्याकडेच बघतो.

"काय की गं काकू," मी म्हटलं, आणि कप विसळायला आत गेलो.