भाड्याच्या जॅकेटचा चोरखिसा

उभा जन्म जिन्याखालच्या दुकानात शिवणयंत्रावर काढलेल्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध फक्त गणवेशांपुरता. साठी उलटली तशी मुलगी हट्टाला पेटली, “बाबा, आईला घेऊन एकदा तरी परदेशातले डोंगर बघून या.” तिकिटं तिनंच काढली, खोलीही तिनंच ठरवली. नाही म्हणायला मास्तरांना जागाच उरली नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या गावी पोचल्या पोचल्या पहिला घोळ झाला. मास्तर एटीएमसमोर उभे राहिले आणि पिनच आठवेना. इतकी वर्षं न चुकता दाबलेला आकडा, पण डोक्यात नुसता धुरळा.

“अहो, सावकाश. घाई कोणाला आहे?” मास्तरांच्या पत्नी, सगळ्यांच्या बाई, मागून म्हणाल्या.

मास्तरांनी सुचेल ते दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर मशीननं कार्ड गिळलं ते गिळलंच. मुलीनं फोनवरून बँकेत कळवलं, दुसरं कार्ड घरी पाठवतील म्हणाली. जवळ होत्या तेवढ्या नोटांवर निभवायचं ठरलं.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. बाईंनी कारण विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक होतं. मास्तरांचा थोरला भाऊ आधी चष्मा विसरायला लागला, मग घरचा रस्ता. शेवटी तर चहा घेऊन आलेल्या बायकोला तो ‘आपण कोण?’ म्हणून विचारायचा.

वर थंडी फार असते म्हणून पायथ्याच्या दुकानातून दोघांनी निळी जॅकेटं भाड्यानं घेतली. खोलीवर आल्यावर मास्तरांनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि आपल्या जॅकेटच्या अस्तराला आतून चोरखिसा लावायला बसले.

“भाड्याच्या कपड्याला कोणी खिसा लावतं का? दुकानदार दंड करील,” बाई म्हणाल्या.

“परत करताना उसवून देईन.”

“मी आपलं सांगितलं,” म्हणून बाई आडव्या झाल्या. मास्तरांनी नोटा आत घालून तोंड शिवून टाकलं.

सकाळी चढण लागली. पायवाट दगडांची, बाजूला झरा, दम लागला की बसायला सपाट खडक. मास्तर दुकानात बसून बसून जड झालेले, पण चढले हळूहळू. अर्ध्या वाटेवर प्रवाशांसाठी एक लाकडी झोपडी होती. तिथं सगळ्यांनी दवानं भिजलेली जॅकेटं शेगडीजवळच्या खुंट्यांवर वाळत टाकली. ऊब घेऊन दोघं पुन्हा निघाली.

वरच्या झोपडीत पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. तिथल्या मालकिणीनं गरम सूपचे दोन वाडगे पुढे ठेवले. पैसे काढायला मास्तरांनी अस्तर चाचपलं. खिसा नव्हता. उलटसुलट करून पाहिलं. साधी टाक्याची खूणसुद्धा नव्हती. आणि बाहेरच्या खिशात हात घातला तर तिथं नोटा!

“अगं, मी खिसा शिवला होता ना?”

“शिवत होतात खरे. मी बोलले म्हणून नंतर उसवलात की काय?”

“उसवला असता तर आठवलं नसतं?”

बाईंनी वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. मास्तरांनी त्या नोटांतून सूपचे पैसे दिले, पण वाडग्यात चमचा नुसता फिरत राहिला. हे पैसे इथं कधी ठेवले? काल झोपताना? सकाळी? काही केल्या चित्र डोळ्यांपुढे येईना.

“थोरल्याचंही असंच सुरू झालं होतं,” ते हळूच म्हणाले.

“गप्प बसा. सूप प्या आधी,” बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून एक चष्मेवाला धापा टाकत आत आला. अंगात तसंच निळं जॅकेट. त्यानं एकेकाकडे पाहिलं आणि मास्तरांपाशी येऊन कळवळून काहीतरी बोलू लागला. मास्तरांना एक अक्षर कळेना. तो त्यांच्या बाहीकडे बोट दाखवत होता. बाईंनी बाही चाचपली, आतली बारीक चेन सापडली, ती उघडली, तर गाडीची किल्ली! चष्मेवाल्यानं ती छातीशीच धरली.

मास्तर ताडकन उठले आणि त्यांनी सरळ त्याच्या जॅकेटच्या आत हात घातला. तो बिचारा घाबरून मागे सरला. पण बोटांना टाके लागले होते. दाट, तिरपे, त्यांचेच.

“आहे! अगं, आहे! मी शिवलाय!”

आणि मास्तर परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. एवढ्याशा नोटांसाठी हा गृहस्थ का रडतोय, हे काही चष्मेवाल्याला समजेना. तो आपला त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

खालच्या झोपडीतल्या खुंट्यांवर अदलाबदल झालेली जॅकेटं दोघांनी पुन्हा बदलली आणि सूपवर खर्च केलेले त्याचे पैसे मास्तरांनी परत दिले. उतरताना ते म्हणाले, “खिशाचं कळलं. पण पिनचं काय?”

“ते मला नाही माहीत,” बाई म्हणाल्या. “घरी गेलो की डॉक्टरांना दाखवू. मलाही भीती वाटतेच आहे. मघाशी तुम्हाला बोलले नाही इतकंच.”

मास्तरांना उगाचच हलकं वाटलं. पुढे उतार निसरडा होता, तिथं त्यांनी बाईंचा हात धरला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली आणि म्हणाले, “सध्या काळजीचं काही दिसत नाही. वर्षानं पुन्हा या.” ‘सध्या’ म्हणजे काय, हे मास्तरांना नीट समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. बाई डबा देऊन जायच्या, त्या आता तिथंच स्टूल टाकून काज-बटणं करत बसू लागल्या.